रक्तदाब मोजतात म्हणजे नेमके काय करतात?

‘आमच्या काकांना ब्लडप्रेशर आहे,’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला ते ऐकून थोडी मौज वाटते. ब्लडप्रेशर, म्हणजे रक्तदाब, कोणाला नाही? ज्याचे हृदय चालू आहे त्या प्रत्येकाला तो आहे. ‘बाळूला आज तापमान आहे’ असे म्हणण्यासारखेच हे झाले. काकांचा रक्तदाब जेवढा असावा त्याहून जास्त आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

दुसरे एक वाक्य याहून फसवे आहे. ‘उगाच माझे बीपी वाढवू नकोस!’ घरातले मोठे माणूस चिडून असे म्हणते, आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की रक्तदाब वाढला म्हणजे माणूस लाल होतो, ओरडतो, त्याचे डोके ठणकते; उलट जो शांत आहे त्याचा रक्तदाब ठीकच असणार. ही समजूत किती चुकीची आहे हे मला आमच्या प्रयोगशाळेतच कळले.

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, छोटे प्रदर्शन भरते. एका वर्षी मुलांनी जुने पाऱ्याचे रक्तदाबमापक मांडले आणि जीवशास्त्राच्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रक्तदाब मोजून दाखवू लागल्या. गर्दी ओसरल्यावर आमच्या प्रयोगशाळेतील परिचरांना मुलांनी आग्रहाने बसवले. त्यांना सगळे मामा म्हणतात. इतका शांत माणूस मी पाहिलेला नाही. मुलाच्या हातून पारा सांडला तरी आवाज चढत नाही. मामांचा आकडा आला १७६/१०८.

मी आधी उपकरणावरच संशय घेतला. पट्ट्यात हवा नसताना पारा शून्यावर आहे का ते पाहिले, होता. मामांना पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजले. १७२/१०६. मामा म्हणाले, “सर, यंत्रात काहीतरी खोट असेल. मला तर काही होत नाही.”

मामांचे हे उत्तर लक्षात ठेवा. आपण त्याकडे परत येणार आहोत. आधी त्या दोन आकड्यांचा अर्थ लावू.

द्रवाचा दाब म्हणजे उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा एखाद्या नळीतील दाब मोजायचा सरळ उपाय असा, की तिला एक उभी काचनळी जोडायची आणि द्रव किती उंच चढतो ते पाहायचे. इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी नेमके हेच एका घोडीवर केले. घोडीला उताणे बांधून त्यांनी तिच्या मांडीतील रोहिणीत (रोहिणीलाच धमनी असेही म्हणतात) पितळी नळी बसवली आणि तिला ९ फूट लांबीची काचनळी जोडली. रक्त सरसर वर चढले आणि हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन थांबले. थांबले असेही म्हणवत नाही, कारण प्रत्येक ठोक्याबरोबर ते दोन-चार इंच वरखाली होत होते. हे प्रयोग हेल्स यांनी १७३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण रक्तदाबाचे ते पहिले मोजमाप होते.

८ फूट ३ इंच म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. माणसाचा रक्तदाब एवढा नसतो, तरीही रक्ताचा स्तंभ पाचेक फूट चढेल. एवढी नळी घेऊन कोणता डॉक्टर हिंडणार? म्हणून हवा जड द्रव. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट आहे, रक्ताची सुमारे १.०६ पट. म्हणजे रक्ताचा स्तंभ जिथे १५४ सेंटिमीटर चढतो, तिथे पारा फक्त १२ सेंटिमीटर चढतो. झ्याँ प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ साली पाऱ्याची वाकडी नळी वापरून प्राण्यांचा रक्तदाब मोजला, आणि तेव्हापासून ‘पाऱ्याचे मिलिमीटर’ हे एकक वैद्यकात रुजले. पारा विषारी असल्याने आता पाऱ्याची उपकरणे रुग्णालयांतून हळूहळू निवृत्त होत आहेत. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेला मिनामाता करार २०१७ साली अंमलात आला. पारा चालला, पण एकक राहिले. डॉक्टर ‘एकशेवीस’ म्हणतात तेव्हा ते १२० मिलिमीटर पाराच असतो.

आकडे दोन का? हृदय हा पंप सलग रेटा देत नाही. डावे निलय आकुंचन पावते तेव्हा सुमारे ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत ढकलले जाते आणि दाब चढतो. हा वरचा आकडा. मग निलय सैल पडते आणि झडप मिटते. या मधल्या वेळात ताणलेल्या महारोहिणीच्या लवचिक भिंती पूर्वस्थितीला येतात आणि रक्त पुढे ढकलत राहतात. म्हणून दाब शून्यावर न येता ८० च्या आसपास उतरतो. हा खालचा आकडा. मोठ्या रोहिण्या रबरासारख्या नसत्या, लोखंडी नळांसारख्या असत्या, तर वरचा आकडा फार चढला असता आणि खालचा फार घसरला असता. वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात, तेव्हा काही अंशी हेच घडते.

या पंपाची शक्ती काढून पाहा. मिनिटाला ५ लिटर रक्त, सरासरी दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा, म्हणजे १३,३०० पास्कल. दाब गुणिले दर सेकंदाचे आकारमान. उत्तर १ वॉटहून किंचित जास्त येते. रात्री लावायचा लहानसा एलईडी दिवाही साधारण एवढीच शक्ती घेतो. फरक इतकाच, की दिवसाला सुमारे एक लाख ठोके आणि ७,२०० लिटर असे हे काम आयुष्यभर एकही सुटी न घेता चालते. दाब दीडपट झाला तर कामही दीडपट होते.

आता रोहिणी न कापता दाब मोजायचा कसा? इटलीतील तुरिन येथील डॉक्टर स्किपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली उत्तर शोधले आणि त्यासाठी सायकलच्या चाकातील ट्यूब वापरली. ती दंडाभोवती गुंडाळून हवा भरायची. हवेचा दाब रोहिणीतील दाबाहून जास्त झाला की रोहिणी चेपली जाते आणि मनगटाची नाडी लागत नाही. मग हळूहळू हवा सोडायची. नाडी पुन्हा लागते त्या क्षणी पाऱ्यावर जो आकडा असेल तो वरचा दाब. आतला दाब कळत नसेल तर बाहेरून तेवढाच दाब देऊन त्याला तोलायचे. तराजूचीच ही युक्ती. खालचा आकडा मात्र या रीतीने मिळत नव्हता.

तो मिळवून दिला रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोटकोव्ह या शल्यचिकित्सकाने. कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून त्याने कान दिला. पट्टा घट्ट असतो तेव्हा आवाज नसतो, कारण रक्तच वाहत नाही. पट्ट्याचा दाब वरच्या आकड्याखाली उतरला की प्रत्येक ठोक्याला रक्ताची एक चिळकांडी चेपलेल्या रोहिणीतून घुसते. प्रवाह क्षुब्ध होतो, भिंत फटकन उघडते-मिटते, आणि ‘टक् टक्’ ऐकू येते. पट्ट्याचा दाब खालच्या आकड्यापर्यंत उतरला की रोहिणी सतत उघडी राहते, प्रवाह पुन्हा संथ होतो आणि आवाज लोपतो. नळ पूर्ण उघडा असला तर पाणी गुपचूप वाहते, अर्धवट दाबला तर सूं सूं करते, तसेच हे. हा शोध कोरोटकोव्हने १९०५ साली जाहीर केला, आणि त्याचा तो अहवाल एका पानाहूनही छोटा होता. जाडजूड प्रबंध लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. हल्लीची विजेरीवरची यंत्रे आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातील हवेच्या दाबाला ठोक्यागणिक बसणारे बारीक हिसके ती टिपतात आणि त्यांवरून दोन्ही आकडे काढतात.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग, बिनखर्चाचा. हात खाली लोंबता सोडा. हाताच्या पाठीवरील नीला फुगलेल्या दिसतील. मग हात सरळ ठेवून हळूहळू वर न्या. हृदयाच्या पातळीच्या थोडे वर गेल्यावर त्या नीला सपाट होतात. नीलांमधील दाब इतका थोडा असतो, की काही सेंटिमीटरांच्या चढानेच तो संपतो. शरीरातील रक्तही उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या सूत्रातून सुटलेले नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. ताठ उभे राहिल्यावर हृदयाखाली १३० सेंटिमीटरवर असलेल्या पावलातील रोहिणीत दाब सुमारे १०० मिलिमीटरने जास्त असतो, आणि डोक्यात २५ मिलिमीटरच्या आसपास कमी. जिराफाचा मेंदू तर हृदयापासून सुमारे २ मीटर उंच. तिथवर रक्त चढवण्यातच सुमारे १५६ मिलिमीटर खर्ची पडतात. म्हणून जिराफाचा सरासरी रक्तदाब २०० च्या घरात असतो, आणि त्याच्या निलयाची भिंत त्या मानाने जाड असते. आपला दाब जिराफाला मिळाला तर बिचारा भोवळ येऊन पडेल.

याच हिशेबातून मोजणीचा एक नियम निघतो. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. दंड १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ८ मिलिमीटरने फुगतो. उभ्या माणसाचा लोंबता हात धरून घाईने रक्तदाब मोजताना मी अनेकदा पाहिले आहे. अशा आकड्यावर औषध ठरवणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली बोट ठेवून धान्य मोजण्यासारखेच आहे. खुर्चीला पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात टेबलावर, आधी पाच मिनिटे शांतता, चहा घेऊन निदान अर्धा तास झालेला, आणि मोजताना बोलणे नाही. अरुंद पट्टाही आकडा फुगवतो. लठ्ठ दंडाला मोठा पट्टाच हवा.

मग दाब वाढतो कशामुळे? पुन्हा प्वाझयकडेच जावे लागते. बारीक नळीतून द्रव वाहण्याचा दर नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हे त्याने प्रयोगाने दाखवले. चौथा घात! त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तरी ०.९ चा चौथा घात ०.६६ भरतो, म्हणजे प्रवाह एकतृतीयांशाने घटतो. तो पूर्वीइतका ठेवायचा तर दाब दीडपट करावा लागेल. हा नियम ताठ नळीसाठी आणि संथ प्रवाहासाठी आहे. रक्तवाहिन्यांना तो अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण कल येतो. रोहिण्या पुढे बारीक होत जातात त्यांना रोहिणिका म्हणतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात, आणि ते किंचित आवळले तरी साऱ्या शरीराचा रक्तदाब बदलतो. रक्तदाबाचा खरा नळ इथे आहे. दुसरे कारण रक्ताचे आकारमान. आहारात मीठ फार झाले की शरीर पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणातलेही मीठ आलेच. वजन, आनुवंशिकता, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार यांचाही वाटा आहे. बहुसंख्य रुग्णांत मात्र एकच एक कारण दाखवता येत नाही.

आता मामांच्या उत्तराकडे येऊ. ‘मला तर काही होत नाही.’ हे खरेच होते. का?

शरीरात दाब मोजणारी स्वतःची यंत्रणा आहे. मानेतील रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीत भिंतीचा ताण टिपणारी चेतातंतूंची टोके असतात. तुम्ही झटकन उठून उभे राहता तेव्हा तीच धावून येतात आणि हृदयाची गती वाढवून तुम्हाला भोवळीपासून वाचवतात. पण त्यांचे निरोप मेंदूच्या ज्या भागाकडे जातात, तो आपल्या जाणिवेच्या कक्षेबाहेर आहे. ताप कळतो, भूक कळते. रक्तदाब कळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून घातक. दाब बराच काळ चढा राहिला तर ही टोके त्या चढ्या दाबालाच सामान्य मानू लागतात. प्रयोगशाळेत आपण याला शून्यदोष म्हणतो: काटाच सरकला, तर यंत्र चुकीच्या जागी ‘ठीक आहे’ म्हणते. मी पाऱ्याचा शून्य तपासत होतो. सरकलेला शून्य मामांच्या शरीरात होता.

काही न होता आतमध्ये मात्र पुष्कळ होत असते. जास्त दाबाविरुद्ध काम करून निलयाची भिंत जाड होते आणि पुढे थकते. मूत्रपिंडातील गाळण्या आणि दृष्टिपटलावरील केसासारख्या वाहिन्या खराब होतात. मेंदूतील एखादी वाहिनी फुटते किंवा तुंबते आणि माणूस एका रात्रीत अर्ध्या अंगाने लुळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांचा रक्तदाब जास्त आहे, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ते ठाऊक नाही. आपल्याकडे साधारणपणे १४०/९० वा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टर उच्च रक्तदाबाचे निदान करतात. एका आकड्यावरून घाबरू नये आणि एका आकड्यावरून निर्धास्तही होऊ नये.

आकडा समोर असून उपयोग झाला नाही, असेही घडले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्यांचे वैयक्तिक डॉक्टर मात्र अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने चांगली असल्याचे सांगत राहिले. त्या काळी अनेक डॉक्टरांची अशीही समजूत होती, की अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जायला हा चढा दाब आवश्यकच आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांनी डोके भयंकर दुखत असल्याची तक्रार केली आणि ते कोसळले. तेव्हा वरचा आकडा ३०० च्या पुढे होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. वय ६३. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला मीठ कमी करा आणि विश्रांती घ्या, याहून फारसे काही देण्यासारखे तेव्हा वैद्यकाजवळ नव्हते.

चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ५० रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. औषध होते आपल्याकडची सर्पगंधा. आयुर्वेदाला ही वनस्पती फार पूर्वीपासून ठाऊक होती, आणि १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी लिहिले होते. पण जगाचे लक्ष वेधले ते डॉ. वकील यांच्या काटेकोर मोजमापांनी. १९५२ साली तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काही रुग्णांना तीव्र औदासीन्य येते, म्हणून आज त्याचा वापर फार थोडा होतो. हे वाचून कोणी सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नये! १९५८ नंतर लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी औषधे आली, मग रोहिणिका सैल करणारी आली. आज रोजची एखादी स्वस्त गोळी जे करते ते रूझवेल्टना कशानेही मिळाले नसते.

मामांनाही डॉक्टरांनी गोळी दिली. तीन महिन्यांनी आकडा १२८/८२ आला आणि मामांनी गोळी सोडली. “आकडा बरा आला, सर. आता कशाला?” दीड महिन्याने आकडा पुन्हा १६८/१०४. तेव्हा पावसाळा होता. मी त्यांना दारातली त्यांची छत्री दाखवली आणि विचारले, “मामा, येताना भिजला नाहीत ना? मग जाताना छत्री इथेच ठेवून जा.” ते हसले. गोळीने रोहिणिका सैल राहतात ते गोळीचा अंमल असेपर्यंतच. आवळण्याचे मूळ कारण तसेच राहते. गोळी कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर आकडे पाहून ठरवतील.

आता मामांनी प्रयोगवहीसारखी एक वही घातली आहे. तारीख, वेळ, दोन आकडे, शेवटी शेऱ्याचा रकाना. मागच्या सोमवारची नोंद मी पाहिली: सकाळी ८.१०, १३२/८४. शेऱ्यात लिहिले होते, ‘हात टेबलावर, चहा नंतर.’